ॲक्सोलॉटलसाठी (बेडकाच्या जातकुळीतला, पाण्यातच राहणारा शेपटीवाला प्राणी) घेतलेला कूलिंग फॅन अन स्पंज फिल्टर
कॉलेज रोडला एका दुकानातून टँकच्या कडेला लावायचा क्लिपवाला फॅन घेतला, फॅन तसा बराय, आवाज पण नाही, पण खरं सांगू का एप्रिल-मेत नाशिकला पारा चाळीशीला टेकतो ना तेव्हा हा एकटा पुरत नाही. बाष्पीभवनाने पाणी दोन-चार डिग्री उतरतं बस्स, आणि ॲक्सोलॉटलला हवं १६ ते १८, चोवीसच्या वर गेलं की ताण येतो, त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, मग गिल्सचे (म्हणजे डोक्याच्या बाजूच्या कल्ल्यांचे) ते झुपकेदार तुरे खराब व्हायला लागतात. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) महागय पण उन्हाळ्यात तोच खरा.
सोबतचा स्पंज फिल्टर मात्र पैसा वसूल!! प्रवाह एकदम संथ. पाणी जोरात असलं की गिल्स पुढे वळतात, त्यामुळे दुकानदार दादा "पॉवर फिल्टर घ्या" म्हणाले तरी ऐकू नका. पाणी तपासायचं टेस्ट किट वेगळं घ्याच, अमोनिया, नायट्राइट ही घाणीतून होणारी विषं शून्य पाहिजे म्हणजे पाहिजे, अन नळाचं पाणी क्लोरीन काढूनच टाका.
फॅनला ३ स्टार, स्पंजला ५. आणि हो, फॅनमुळे पाणी भराभर आटतं, सारखं टॉपअप करावं लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.