तिसऱ्या दिवशी आलेलं ॲक्सेप्टन्स लेटर

डॉक्टरांच्या पीजीच्या (एमडी-एमएसच्या) अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा करावी लागते. इंदूरच्या रेसिडेंटांच्या फोनवर नेमके त्याच सुमारास मेसेज वाढतात: ‘स्कोपस जर्नल, तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स, स्टॅटिस्टिक्स फ्री.’ (स्कोपस ही संशोधनाच्या जर्नलांची नावाजलेली सूची, म्हणजे इंडेक्स; ॲक्सेप्टन्स म्हणजे लेख छापायला घेतल्याचं पत्र.) आडनाव मराठी दिसलं की पुढचा फोन मराठीत येतो. ‘डॉक्टरसाहेब, आपण इंदूरचेच ना? आमचे मामा रामबागेत राहतात.’ मामा खरे असतील-नसतील, पण इंदुरात परक्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकली की आपण निम्मे विरघळतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

इथल्या भूलशास्त्राच्या एका रेसिडेंटचे असे २२,००० रुपये गेले. त्याची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून, सगळा प्रकार इथे मांडतो आहोत. थिसिसमध्ये ६० रुग्ण होते, ३०-३० चे दोन गट. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा ० ते १० मधला स्कोअर मोजलेला. एजंटनं ‘ॲनालिसिस’चे ८,००० आणि छापण्याचे १४,००० सांगितले. पैसे यूपीआयनं, एका व्यक्तीच्या नावावर गेले. कुठलंही खरं जर्नल फी घेतं तेव्हा प्रकाशकाच्या नावाचं इन्व्हॉइस देतं. इथे इन्व्हॉइसच नव्हतं. तिसऱ्या दिवशी लेटर आलं. रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञाची तपासणी, काय, तर ‘काम चांगलं आहे, इंग्रजी सुधारावं.’ दोन ओळी. खरा रिव्ह्यूअर निदान ब्लाइंडिंग कसं केलं (कोण कुठल्या गटात हे लपवलं कसं), सॅम्पल साइझ, म्हणजे रुग्णांचा आकडा, कुठून आला, एवढं तरी विचारतोच.

जर्नलची साइट अस्सल वाटावी अशीच होती. युरोपातल्या एका जुन्या जर्नलचं नाव, तोच आयएसएसएन, संपादकांची तीच नावं. याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात: जर्नल खरं, साइट खोटी. मूळ जर्नल बऱ्याचदा छापील किंवा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं असतं, वेबवर फारसं दिसत नाही, म्हणून त्याचं सोंग घेणं सोपं जातं. ‘आयएसएसएन तर बरोबर आहे ना?’ असं लोक विचारतात. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, मासिक कसं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘एनएलएम आयडी’चंही तेच; एनएलएम म्हणजे अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आणि मेडलाइन ही तिची निवडक जर्नलांची सूची. एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये नोंद असणं वेगळं आणि त्याच नोंदीत ‘सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतं’ ही ओळ असणं वेगळं.

‘स्कोपसमध्ये नाव शोधलं, सापडलं, मग अजून काय बघायचं?’ तिथेच पाय घसरतो. नाव सापडणारच, कारण मूळ जर्नल तिथे आहे. काही बनावट साइटींचे दुवे तर खुद्द स्कोपसच्या नोंदींतही शिरले होते. नावावर थांबू नका. साइटवरच्या ताज्या अंकातले तीन लेख घ्या आणि त्यांची शीर्षकं इंडेक्समध्ये शोधा. या प्रकरणात तिन्हीपैकी एकही निघालं नाही. इंडेक्समध्ये त्या जर्नलचे लेख होते ते वनस्पतिशास्त्राचे, आणि साइटवर मात्र एकाच अंकात स्पायनल ॲनेस्थेशिया, सिमेंट काँक्रीट आणि बँकांची बुडीत कर्जं! मग लेखावर छापलेला डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक), डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. उघडलाच नाही, किंवा भलत्याच लेखावर गेला, तर विषय संपला. आणि मेसेजमधल्या लिंकवरून जर्नलच्या साइटवर कधीच जाऊ नका. आयएसएसएन पोर्टलवर जो पत्ता नोंदलेला असेल तिथून जा. कव्हरेजची वर्षंही बघा. स्कोपसनं काढून टाकलेल्या जर्नलच्या नोंदीत तसं लिहिलेलं असतं, आणि स्रोतांची यादी बघायला पैसे लागत नाहीत.

हा धंदा चालतो कारण पुढच्या नोकरीला पेपर मोजले जातात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या (एनएमसीच्या) २०२२ च्या नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे अशी इंडेक्सची यादी होती आणि पहिल्या तीन लेखकांत नाव किंवा करस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) तरी असावं, अशी अट होती. एजंटांनी ही अट वाचलेली असते, म्हणूनच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या नावाचे दर वेगवेगळे. एनएमसीच्या आधीच्या मेडिकल कौन्सिलच्या २०१५ च्या यादीत इंडेक्स कोपर्निकस ही सूची होती, २०२० च्या यादीत नाही. पण मेसेजमध्ये ते आजही मिरवलं जातं. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर ६.८’ अशा आकड्यांना तर काहीच किंमत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो, तो आकडा) क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीतून येतो, बाकीचे घरी बनवलेले. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान साप्ताहिकाच्या जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका भरलेला एक पेपर थोडाथोडा बदलून ३०४ जर्नलांकडे पाठवला होता. १५७ जणांनी तो घेतला.

आता त्या ‘फ्री’ स्टॅटिस्टिक्सकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. तयार होऊन आलेल्या टेबलात पहिल्या गटाचा सरासरी स्कोअर ३.४५ होता. स्कोअर पूर्णांक, माणसं ३०. बेरीज १०३ असेल तर सरासरी ३.४३ येते, १०४ असेल तर ३.४७. मधलं ३.४५ येऊच शकत नाही. या तपासणीला ग्रिम टेस्ट म्हणतात; निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या संशोधकांनी ती मांडली आणि त्यासाठी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो. टक्केवारीचंही तसंच: ४५ जणांत ३७ टक्के कसे बसवाल? १६ जण म्हणजे ३५.६, १७ म्हणजे ३७.८. दुसरी खूण म्हणजे ‘पी = ०.०००’. (पी म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता.) एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत तसं दिसतं हे खरं, पण लिहायचं असतं ‘पी < ०.००१’, ते जसंच्या तसं उतरवलेलं असेल तर टेबल न वाचताच चिकटवलंय. परत आलेली एक्सेल शीट रुग्णांच्या वयाच्या क्रमानं लावून बघितली, तर मूळच्या १६ ते ३० या ओळी १ ते १५ चीच नक्कल होती, फक्त वजनाचा कॉलम बदललेला. आणि ‘सगळं करून बघितलं, एक सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या खाली) निघालं’ असं कुणी सांगितलं, तर किती चाचण्या लावल्या ते विचारा. खरा फरक काहीच नसताना २० स्वतंत्र चाचण्या लावल्या तरी निदान एकीचा पी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते.

हे सगळं कळल्यावर त्या रेसिडेंटनं पेपर मागे घ्यायला सांगितलं. उत्तर आलं: विथड्रॉअल फी ३०० डॉलर. ती भरायची नाही. भरली तरी लेख साइटवरून उतरेलच असं नाही, आणि पैसे देणारा गिऱ्हाईक सापडला म्हणून पुढची मागणी मात्र येईल. तारखेसह, सगळ्या सहलेखकांना कॉपी ठेवून मागे घेत असल्याची मेल पाठवायची, व्हॉट्सॲप चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे गेल्यावर पहिले काही तास हाती असतील तर खातं गोठवण्याची शक्यता जास्त असते. इथे दोन महिने उलटले होते. पैसे मिळालेले नाहीत. पुढच्या जर्नलला पाठवताना कव्हर लेटरमध्ये झाला प्रकार आपणहून लिहायचा. लपवला आणि नंतर डुप्लिकेट पब्लिकेशन (तोच लेख दोनदा छापणं) म्हणून सापडला, तर लेख तिथूनही जातो.

सुदैवानं त्याच्या केस शीटा कपाटात शाबूत होत्या आणि ट्रायल सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) पहिल्या रुग्णाच्या आधी नोंदलेली होती. (ही नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणारे एजंटही आहेत!) त्यानं ६० शीटांवरून आकडे पुन्हा भरले. एजंटच्या टेबलात ३.४५ आणि ४.९३ होते, खरे निघाले ३.८७ आणि ४.४३, पी ०.११. फरक सिद्ध झाला नाही. थिसिसमध्ये आता हेच आकडे आहेत.