सांगलीच्या विश्रामबागेतली मुलांची खुली कार्यशाळा: जमेच्या बाजू आणि उणिवा

वेळापत्रक नाही, गृहपाठ नाही. मूल जे टेबल निवडेल तिथे बसतं. सुतारकाम जेमतेम (करवतीची पाती बोथट), चित्रकला ठीक. खरी मजा इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर.

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी किती फूट, ही चर्चा सांगलीत घरोघरी असते. त्यामुळे मुलं हमखास पाण्याचा अलार्म (पाणी तारांना लागलं की वाजणारा) निवडतात. सामान: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (तीन पायांचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच), १ किलोओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, बझर. बॅटरीच्या धन टोकाची एक तार पाण्यात. दुसरी तार पाण्यातून रेझिस्टरमार्गे ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला. बझर धन टोक आणि कलेक्टरच्या मध्ये, एमिटर ऋण टोकाला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. इथेच उलटापालट होते. शिकवणाऱ्या ताई मात्र लगेच दुरुस्त करून देत नाहीत, "कुठला पाय कुठे गेला, बघ बरं" एवढंच म्हणतात. हे फार आवडलं.

ठेवलेले काही बझर पॅसिव्ह आहेत, म्हणजे नुसत्या बॅटरीवर सलग न वाजणारे. ते नुसते टक् करतात आणि मूल बिचारं जोडणीतच चूक शोधत बसतं. डब्यांवर चिठ्ठ्या हव्यात. तांब्याची धन तार पाण्यात हिरवी पडते, तिथे स्टीलची ठेवावी.

दहावीचं मार्गदर्शन इथे मिळत नाही. शाळेबाहेर शिकणाऱ्यांनी एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) स्वतः बघावं: वय किमान १४ पूर्ण, विषय पाच, नोंदणी ५ वर्षं चालते.

पाचपैकी चार तारे.