बॉम्बरचं पॅनेल: अस्सल डायल घ्याव्यात की घडवाव्यात?

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाचं इन्स्ट्रुमेंट पॅनेल घरी उभं करायचं ठरवलं, की पत्रा आणि रंगाच्या आधी एका गोष्टीचा निकाल लावावा लागतो. डायल युद्धकाळातल्या अस्सल घ्यायच्या, की स्वतः घडवायच्या? मी यातून गेलो आहे आणि माझं पॅनेल घडवलेल्या डायलचं आहे. तरी अस्सलची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे.

अस्सल डायल हातात घेतली की आधी वजन जाणवतं. पाठीमागे मुकुटाखाली ‘एएम’ ही एअर मिनिस्ट्रीची, म्हणजे ब्रिटनच्या हवाई खात्याची खूण असते, शेजारी ‘६ए’ने सुरू होणारा स्टोअर्सचा क्रमांक. आकडे पांढरेशुभ्र राहिलेले नसतात, काळानं सायीच्या रंगावर आलेले असतात. हे कितीही चांगल्या प्रिंटरवर हुबेहूब उतरत नाही. ज्याला मुळात संग्रहच करायचा आहे, त्याला अस्सलला पर्याय नाही, हे मी मोकळ्या मनानं मानतो.

माझी अडचण वेगळी होती. मला काटे हलायला हवे होते. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये विमान वर चढलं की उंची दाखवणारा अल्टिमीटर फिरला पाहिजे. आता ब्लाइंड फ्लाइंग पॅनेलवरच्या, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना ज्यांवर विमान चालवायचं त्या सहा डायल बघा. एअरस्पीड, अल्टिमीटर आणि चढउतार दाखवणारी डायल हवेच्या दाबावर चालतात. कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक आणि टर्न इंडिकेटर यांच्या पोटात जायरो, म्हणजे वेगानं फिरणारं चाक असतं आणि ते सक्शनवर फिरतं. हे सगळं घरात खरोखर चालवायचं म्हणजे नळ्या, पंप आणि पंपाची सततची घरघर. त्यावर उपाय एकच, डायल उघडायची, आतलं यंत्र काढायचं आणि छोटी मोटर बसवायची.

आणि नेमकी ती उघडता येत नाही. त्या काळातल्या बहुतेक डायलच्या आकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा, किरणोत्सारी रेडियमचा रंग आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. रंगातलं झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं, म्हणून डायल अंधारात चमकत नाही. पण रेडियम जवळपास होतं तेवढंच शिल्लक असतं. ‘चमकत नाही, म्हणजे आता काही नाही’ हा समज धोक्याचा आहे. काच शाबूत असेल तोवर धूळ आत कोंडलेली राहते. काच काढली की सुकून पापुद्रे झालेला तो रंग बोटांना, टेबलाला, श्वासात. उघडू नये, आणि उघडल्याशिवाय काटा हलत नाही. माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला. शिवाय बंद डायलमधूनही रेडियमपासून तयार होणारा किरणोत्सारी रेडॉन वायू थोडाफार झिरपतो, तेव्हा अशा पाच-सहा डायल झोपायच्या खोलीत मी तरी ठेवणार नाही. कुणाला ही काळजी अती वाटेल. घरात लहान मुलं असतील तर ती अती वाटणार नाही.

घडवायचं म्हटलं तर कोल्हापूरइतकी सोय फार थोड्या गावांत असेल. डीएक्सएफ फाइल, म्हणजे संगणकावर काढलेलं ड्रॉइंग, घेऊन शिरोली किंवा उद्यमनगरातल्या कारखान्यांत जा, ॲल्युमिनियमचा पत्रा लेझरवर कापून मिळतो. आधी पुठ्ठ्यावर भोकं कापून डायल बसवून बघा, मगच पत्र्याला हात लावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो खरा, पण आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत भोकांच्या कडा फुगतात आणि दोनदा उघडलं की स्क्रू धरत नाही. डायलभोवतीची रिंग लेथवर काढून घ्यावी. थ्रीडी प्रिंटच्या रिंगवर जवळून थर दिसतात. डायलचा आकड्यांचा फेस मॅट कागदावरच छापा, ग्लॉसीवर खोलीतला दिवा उमटतो. स्क्रूकडे लोक दुर्लक्ष करतात. मूळ स्क्रू ४ बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे, म्हणजे ३.६ मिमीचे, सरळ खाचेचे. ते मिळणं कठीण, पण सरळ खाचेचे एम४ डोळ्याला चालून जातात. स्टार स्क्रू एक जरी दिसला तरी सगळं पॅनेल आजचं वाटायला लागतं.

मोटर म्हणून एक्स२७ घ्या, गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये असते तीच. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर सरळ चालते आणि ३१५ अंश फिरते. इंजिनांच्या बूस्ट गेजना, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणाऱ्या डायलना, एवढं पुरतं. अल्टिमीटरला पुरत नाही, कारण त्याचा मोठा काटा दर १००० फुटांना एक फेरी मारतो. मोटर उघडून आतला अडथळा कापावा लागतो, आणि मग शून्य कुठे आहे हे सांगायला वेगळा सेन्सर लावावा लागतो. कृत्रिम क्षितिज याहून चिवट आहे. ते कलतंही आणि वरखालीही सरकतं. या दोन डायलवर बाकीच्या सगळ्यांएवढे कष्ट पडतात, हे धरूनच चाला.

दिसण्यात अस्सलच सरस, याबद्दल माझा वाद नाही. जाणकार माणूस माझ्या पॅनेलसमोर उभा राहिला तर फरक ओळखेल. पण गल्लीतली पोरं येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काका, ह्यो काटा हलतोय व्हय?” मी थ्रॉटल पुढे करतो, चारही बूस्टचे काटे एकदम उठतात, आणि पोरं तासभर जागची हलत नाहीत.

दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर सहाही डायल घडवा आणि रेडियम नसलेली एखादी अस्सल वस्तू, जुना स्विचबॉक्स किंवा थ्रॉटलची मूठ, हाताशी येईल अशा जागी बसवा. हात तिथेच जातो, त्यामुळे खऱ्या धातूचा उपयोगही तिथेच होतो. सुरुवात बूस्ट गेजपासून करा. चारही सारखेच असल्यामुळे पहिला जमला की उरलेले तीन भराभर होतात, आणि अल्टिमीटरला हात घालण्याआधी हात बसलेला असतो.