दोन धनी आणि सहा शनिवार : एका शास्त्राभ्यास वर्गाविषयी

यंदाच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पुण्याच्या एका उपनगरातील ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, ‘ख्रिस्ती मनुष्य आणि पैसा’ या विषयावर सहा शनिवारांचा शास्त्राभ्यास वर्ग घेतला. संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ होती. शुल्क काही नव्हते, पुस्तिकेच्या छपाईचे तेवढे शंभर रुपये घेतले. मी सहाही शनिवार हजर होते आणि पुढच्या तुकडीत बसू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

जाण्यापूर्वी मन कचरत होते, हे आधी सांगते. काही वर्षांपूर्वी दुसरीकडच्या एका सभेत, देवाला जितके द्याल त्याच्या शंभरपट तो याच वर्षी परत करील, असे व्यासपीठावरून इतक्या खात्रीने सांगितले गेले की मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मी पाकिटात घालून दिली, आणि पुढे ती फी भरण्यासाठी मला धाकट्या भावापुढे हात पसरावा लागला. त्यामुळे पैशावर शास्त्र शिकवणार म्हटले की माझ्या पोटात गोळा येत असे. या वर्गात तेच शंभरपटीचे वचन तिसऱ्या शनिवारी निघाले. वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले ते वाक्य अर्ध्यावर न सोडता शेवटपर्यंत वाचायला लावले. घरे, भाऊबहिणी, शेते या सगळ्यांच्या यादीत येशूने छळही घातला आहे, आणि हे बोलणे सर्व सोडून त्याच्यामागे निघालेल्या शिष्यांशी चालले होते, गुंतवणूक करणाऱ्यांशी नव्हे. वचन पूर्ण वाचण्याचा हा आग्रह मला या वर्गाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पहिल्या दिवशी प्रवचन झाले नाही. प्रत्येकाला चौकटीचा एक कागद देऊन गेल्या महिन्यात पैसे ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने लिहायला सांगितले. मी पतसंस्थेत सत्तावीस वर्षे खतावणी लिहिली आहे, तरी स्वतःच्या घराची अशी नोंद कधी केली नव्हती. कर्जाचा हप्ता, भिशी, विम्याचा हप्ता, मोबाईलचे रिचार्ज, भाचीच्या साखरपुड्याची साडी, आणि अगदी तळाशी, एकतीस तारखेच्या रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकलेले पन्नास रुपये. रक्कम कोणी विचारली नाही. ती ओळ कितवी आहे, एवढेच विचारले. मग नीतिसूत्रांतले प्रथमफळाचे, म्हणजे उत्पन्नाचा पहिला वाटा देवाला देण्याचे, वचन वाचले गेले, आणि मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून चालत आलेल्या ‘बुहफाई थाम’ या रीतीची माहिती मिळाली. तिथे स्वयंपाकाच्या वेळी तांदूळ मोजून झाले की त्यातला मूठभर देवाच्या कामासाठी वेगळ्या भांड्यात जातो. भात शिजून, सगळ्यांची जेवणे होऊन उरलेला नव्हे.

दुसरा शनिवार मत्तयाच्या सहाव्या अध्यायाला दिला होता आणि तो सर्वांत भरीव ठरला. ‘तुम्हांला देवाची आणि धनाची चाकरी करता येत नाही’ हे, एकाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही असे सांगणारे वाक्य मी लहानपणापासून पाठ म्हणत आले, परंतु त्याच्या पुढचे ‘चिंता करू नका’ हे वचन ‘म्हणून’ या शब्दाने सुरू होते, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. म्हणजे उद्याची धास्ती हीसुद्धा त्या दुसऱ्या धन्याची चाकरीच होय. मराठीत ‘धनी’ आणि ‘धन’ हे शब्द इतके जवळचे आहेत की मूळ ग्रीकमध्ये नसलेला एक अर्थ आपल्या कानाला आपोआप ऐकू येतो. पाळकसाहेबांनी ते नुसते दाखवले आणि त्यावर जास्त बांधकाम केले नाही, हेही योग्यच झाले. त्याच अध्यायातला पक्षी व रानफुले यांचा दाखला आळसाला मुभा देतो का, असे एका तरुणाने विचारले, तेव्हा पक्षी दिवसभर चारा शोधतोच, फक्त कोठार बांधत नाही, असे सरळ उत्तर मिळाले.

कोठारावरून तिसऱ्या शनिवारी लूकच्या बाराव्या अध्यायातला, मोठी कोठारे बांधू पाहणारा मूर्ख धनवान आला. ती गोष्ट सुरू होते ती वडिलार्जित मालमत्तेच्या वाटणीवरून, आणि भाऊबंदकी न पाहिलेले घर वर्गात क्वचितच असावे. एका ताईंना धनवानाचे बोलणे मोठ्याने वाचायला सांगितले आणि ‘माझे’ हा शब्द आला की बाकीच्यांनी बाकावर बोटाने टक करायची, असे ठरले. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. टक, टक, टक, टक. शेवटच्या टकेनंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण पुढच्याच ओळीत तो जीव परत मागितला जातो.

येशूला भेटलेला श्रीमंत तरुण आणि जकातदार जक्कय यांची तुलना थोडक्यात पण नेटकी झाली. एकाला सगळे विकून टाकायला सांगितले, तर दुसऱ्याने अर्धे देण्याची तयारी दाखवली तेव्हा त्याच्या घराला तारण लाभले. त्यामुळे एकच आकडा सर्वांच्या गळ्यात बांधता येत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट त्याआधीच्या, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयीच्या ओळींसह वाचली गेली, तेव्हा मला ती जुनी सभा आठवली आणि डोळे भरून आले.

पाचव्या शनिवारी आपल्याकडची उदाहरणे होती. 1896-97च्या दुष्काळात मुलींना केडगावी आणून सांभाळणाऱ्या पंडिता रमाबाई, आणि 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करणारे नारायण वामन टिळक. टिळकांच्या त्यागाची थोरवी सांगताना लक्ष्मीबाईंनी घर कसे चालवले असेल, हा प्रश्न एका बहिणीने काढला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. घरातल्या एकाने देवाला प्रथम स्थान दिल्याचा भार दुसऱ्याने न विचारता उचलायचा का, हे बोलले जाणे फार गरजेचे होते.

उणिवा दोन आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा, शनिवार ‘दशांश भांडारात आणा’ या अर्थाच्या मलाखी संदेष्ट्याच्या वचनावरच संपला. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाचा माणूस), उपरा, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून गावातच ठेवायचा, ही बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातली आज्ञा काढलीच नाही, त्यामुळे दशांश म्हणजे मंडळीच्या खर्चाची वर्गणी असा समज कायम राहिला. दुसरी उणीव मला अधिक टोचते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे लिहिले आहे. ऊसतोडीच्या मुलखात, जिथे कित्येक मजूर उचल घेऊन हंगामाला जातात आणि आमच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार ‘पुढच्या आठवड्यात’ होतो, तिथे हे वचन वगळून पैशाविषयीची ख्रिस्ती शिकवण पुरी होऊ शकत नाही. आपण काय दिले, यावर सहा शनिवार बोलणे झाले. जे दुसऱ्याचेच आहे ते आपण अडकवून ठेवले आहे का, यावर एकही नाही.

पुस्तिकेचा टाइप बारीक आहे, साठीपुढच्यांनी चष्मा विसरू नये. कर्जात बुडालेल्यांनी हिशेब घेऊन पाळकसाहेबांना वेगळे भेटावे, ते वेळ देतात, परंतु वर्गात तो विषय निघत नाही. बाकी कोणीही, मंडळीचा सभासद नसला तरी, निःशंकपणे जावे. एकदाही थैली फिरली नाही.

शेवटच्या दिवशी मी याकोबाचे वचन पाळकसाहेबांपुढे उघडून ठेवले. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचले आणि पुढच्या तुकडीत सातवा शनिवार वाढवण्याचे कबूल केले. ती तुकडी पावसाळा संपल्यावर बसेल. नावनोंदणी रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या कार्यालयात होते.