जुनी डिस्क, नवा संगणक: सीएसएम चालू करावं की डिस्क जीपीटी करावी?

विंडोज असलेली जुनी डिस्क नव्या संगणकात बसवली, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तिचं नावही दिसतंय, पण संगणक काही तिच्यावरून सुरू होत नाही. केबल, वीज, एम.२ चा स्क्रू हे तपासून झालं असेल असं धरतो. एवढंच सांगतो की काही मदरबोर्डवर एम.२ खाचेत डिस्क बसवली की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. तेही ठीक असेल, तर बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं: डिस्क एमबीआर, म्हणजे विभागणीच्या जुन्या पद्धतीची, आणि बोर्ड फक्त यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या रूपावर चालणारा. त्याला विंडोज सुरू करायला जीपीटी, म्हणजे विभागणीची नवी पद्धत असलेली डिस्क लागते. यूएसबीवरून विंडोज इन्स्टॉलर चालू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट हे डिस्कांचं साधन चालू करून 'लिस्ट डिस्क' द्या. शेवटच्या जीपीटी रकान्यात तुमच्या डिस्कसमोर चांदणी (*) नसेल, तर ती एमबीआर आहे.

इथून दोन वाटा फुटतात. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं ही तिसरी, पण सगळी सॉफ्टवेअरं पुन्हा बसवायची तयारी असेल तरच.

पहिली वाट सीएसएमची, म्हणजे नव्या बोर्डाला जुन्या पद्धतीनेही सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगची. बायोसच्या बूट विभागात ते चालू करायचं, सेव्ह करायचं, झालं. डिस्कवरच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. बदल्यात सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा, बंद ठेवावं लागतं. शिवाय इंटेलच्या ५०० मालिकेच्या चिपसेटपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्याकडे कार्ड नसेल तर निर्णय तिथेच झाला म्हणायचा.

कार्ड असलं तरी मला जे खटकलं ते वेगळंच आहे. सीएसएमची सेटिंग डिस्कवर नसते, बोर्डाच्या पोटात असते. बायोस अपडेट करा, बोर्डावरचा सेल संपू द्या, रॅमचा वेग वाढवणाऱ्या एक्सएमपी सेटिंगने अडून सीएमओएस रीसेट करावं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज पुसाव्या लागू द्या. सेटिंग मूळ पदावर जाते आणि चालता संगणक पुन्हा बूट डिव्हाइस नाही म्हणू लागतो. वडिलांच्या संगणकावर सीएसएमच ठेवलं होतं. बायोस अपडेटनंतर त्यांचा फोन आला, "अरे, काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आलीये. डिस्क गेली का रे?" डिस्क धडधाकट होती. पण डिलीटचं बटण नेमकं कधी दाबायचं, अॅडव्हान्स्ड मोड कुठे आहे, हे फोनवरून सांगताना दोघांचाही जीव मेटाकुटीला आला. पुन्हा पुढच्या अपडेटला हेच.

दुसरी वाट एमबीआर२जीपीटीची. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हे साधन विंडोजमध्येच येतं. मघाच्याच काळ्या खिडकीत ते आधी 'व्हॅलिडेट' (नुसती तपासणी) लावून चालवायचं, मग 'कन्व्हर्ट' (प्रत्यक्ष रूपांतर) लावून. डिस्कचा क्रमांक दोनदा बघा, कारण यूएसबीही त्याच यादीत असते. फाइल्स जागेवर राहतात, यूईएफआयला सुरुवातीला लागणारं छोटं ईएफआय विभाजन तयार होतं आणि त्यानंतर बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव उमटतं. मला हे काम चहा निवायच्या आत झाल्यासारखं वाटलं. मोठ्या, भरलेल्या डिस्कचं सांगता येणार नाही.

अर्थात परतीची सोपी वाट नाही, त्यामुळे आधी पूर्ण इमेज बॅकअप, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर तो थांबवायचा. डिस्कवर लॉजिकल विभाजनं (एका मोठ्या विभाजनाच्या पोटातले भाग) असतील, किंवा प्रायमरी (स्वतंत्र, मुख्य) विभाजनं तीनपेक्षा जास्त असतील, तर 'व्हॅलिडेट' नकार देतं. पूर्वी एकाच डिस्कचे सी, डी, ई करायची पद्धत होती, त्यात बरेच जण इथे अडकतात.

विंडोज ७ जपायचं असेल, तर माझ्या मते सीएसएमच बरं, कारण ते रूपांतर अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० असेल आणि 'व्हॅलिडेट' पास झालं, तर मी रूपांतराकडे झुकेन. वडिलांच्या डिस्कचं शेवटी रूपांतरच केलं. त्यानंतर त्यांच्या बोर्डाचं बायोस पुन्हा अपडेट झालं, सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर गेल्या, तरी विंडोज सरळ उघडलं.