भिंतीवरचा ॲनेरॉइड बॅरोमीटर: लाल आभाळाच्या म्हणीला उत्तम जोड

‘सांजेला आभाळ लाल, खलाशी खुशाल, सकाळी लाल, तर सांभाळ’ या इंग्रजी म्हणीचा आशय मत्तयच्या शुभवर्तमानातही (अध्याय 16) सापडतो. मध्य अक्षांशांत हवामान बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. त्यामुळे सूर्यास्ताची लाली म्हणजे येणाऱ्या बाजूला आकाश मोकळं. पण बदल किती वेगानं होतोय, हे आभाळ सांगत नाही. ते काम ॲनेरॉइड बॅरोमीटरचं, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या या यंत्राचं, आणि ते चोख करतं.

आत हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. दाब वाढला की ती दबते आणि तरफांमधून काटा फिरतो.

सगळा घोळ बसवताना होतो. समुद्रसपाटीजवळ दर 8 मीटर चढाला दाब सुमारे 1 हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) घटतो. 400 मीटर उंचीवर न जुळवता टांगलात, तर काटा कायम ‘वादळ’ दाखवेल. वारा शांत असताना जवळच्या हवामान केंद्राचा समुद्रसपाटीचा दाब पाहा आणि मागचा स्क्रू हळूच फिरवून काटा तिथे आणा. जागा उन्हापासून दूर हवी.

वाचताना काचेवर हलकी टिचकी मारा, हाताने फिरवायचा खुणेचा काटा मुख्य काट्यावर आणा, 3 तासांनी पुन्हा बघा. 4 हेक्टोपास्कल किंवा जास्त घसरण म्हणजे जोराचा वारा जवळ. तबकडीवरचे ‘पाऊस’, ‘कोरडे’ हे शब्द खुशाल विसरा.

उष्ण कटिबंधात मात्र दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो. तिथे कालच्या त्याच वेळेशी तुलना करा.