बाहेरचं भांडवल की ग्राहकाची वर्गणी?

एआय स्टार्टअपमध्ये ओतला जाणारा पैसा सार्थकी लागतो का, हे जोखायला मला स्टॅबिलिटी एआय आणि मिडजर्नी ही जोडी सर्वात बोलकी वाटते. काम एकच: शब्द लिहा, चित्र मिळवा. दोघींची मॉडेलं २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुली झाली.

स्टॅबिलिटीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुंतवणूकदारांकडून १०.१ कोटी डॉलर उभे केले. स्टेबल डिफ्यूजन हे आपलं मॉडेल मात्र फुकट वाटून टाकलं. मॉडेल घडवायला आणि चालवायला लागणाऱ्या जीपीयू चिपांचं बिल थांबत नाही आणि फुकट मॉडेल उतरवून घेणारा ते भरत नाही. मार्च २०२४ मध्ये संस्थापक इमाद मोस्ताक सीईओपदावरून पायउतार झाले.

मिडजर्नीचे संस्थापक डेव्हिड होल्झ यांनी व्हेंचर कॅपिटल, म्हणजे गुंतवणूकदारांचं भांडवल, घेतलंच नाही. सुरुवातीला वेगळी वेबसाइटसुद्धा लागत नव्हती. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ‘इमॅजिन’ची आज्ञा द्यायची, थोड्याच वेळात चार चित्रं समोर. आवडलं, तर महिन्याला १० डॉलरपासून वर्गणी. खर्चाचा भार ग्राहकानेच उचलला.

माझं पारडं मिडजर्नीकडे झुकतं. पण स्टॅबिलिटीच्या पैशामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संगणकावर चालणारं मॉडेल मिळालं, हे फार मोलाचं आहे. शिवाय चॅटजीपीटीमागे असतं तसं मोठं भाषा मॉडेल घडवताना वर्गणीचा पहिला रुपया येण्याआधीच प्रचंड खर्च होतो. तिथे बाहेरच्या भांडवलाला पर्याय नाही. दुसऱ्याचं मॉडेल भाड्याने घेऊन त्यावर नुसता मुलामा चढवणाऱ्या कंपनीला कोट्यवधी डॉलर देणं मात्र मला अजिबात पटत नाही.